शून्याभोवतीचा लाल गोल

पाच आठवडे झाले, सरोवराने माझ्या नवऱ्याला, ओकुमूला, परत दिलं नव्हतं. चुलत सासरे ओगाडा सकाळीच यागोच्या झाडाचं हातभर लांब फळ घेऊन आले आणि भिंतीला टेकवून ठेवलं. बुडालेला माणूस सापडला नाही, की त्याच्या जागी हेच फळ पुरायचं. पण आधी बायकोने हो म्हणायला हवं.

"न्यार आलेगो," ते म्हणाले. माहेरच्या गावावरून मला सगळे हीच हाक मारतात. "संध्याकाळपर्यंत काय ते सांग. ओकुमूच्या म्हाताऱ्या आईला अजून धड रडतासुद्धा आलेलं नाही."

माझं लक्ष अपोंडीकडे होतं. आमची दोन वर्षांची पोर, पाणी दिसलं की तिकडेच धावते. म्हणून अंगावर गुंडाळायच्या लेसोच्या कापडाचं एक टोक तिच्या कमरेला बांधते, दुसरं माझ्या मनगटाला.

तेवढ्यात नणंद अकेयो वही घेऊन आली. सोमवारी तिचा गणिताचा पेपर. मी कॉलेजात गणित केलेलं, म्हणून तिची शिकवणी माझ्याकडेच.

सरांनी गृहपाठ दिला होता: घराच्या दारापासून ओळखीच्या एखाद्या जागेपर्यंतचा सदिश तीन आकड्यांत लिहा. अकेयोने लिहिलं होतं, पश्चिमेला चार हजार मीटर, उत्तरेला तीन हजार, आणि शून्य. शून्याभोवती सरांचा लाल गोल.

जागा मी ओळखली. तिथेच ओकुमूची होडी उलटली होती.

"अगं, तिसरा आकडा उंची-खोलीचा. तिथे शोधताना टाकलेली दोरी वीस वाव, छत्तीस मीटर, खाली गेली होती, म्हणजे उणे छत्तीस. विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग शून्य कसं? सगळं जग काय तुझ्या वहीसारखं सपाट आहे?"

"कॉलेजवाली आहेस ना, मग तूच लिही!" तिने पेन्सिल माझ्या हातात कोंबली. "लिही की, दादा किती खाली आहे ते."

मी उणेची रेघ ओढली. पुढे हात चालेना. पाच आठवडे मीही त्याला पाण्याच्या वरच शोधत होते. कुणाच्या तरी होडीत, पलीकडच्या बेटावर, तापाने पडलेला.

अपोंडीने लेसोला हिसका दिला. सरोवराकडे बोट करून म्हणाली, "बाबा."

"नाही येणार गं आता," मी म्हटलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

मग छत्तीस लिहिलं. अकेयो वहीवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. मी दारात जाऊन ओगाडांना सांगितलं, "खणा."

शनिवारी खड्डा पुऱ्या माणसाएवढा खणला. तळाशी फळ एवढंसं दिसत होतं. सासूबाईंनी फोडलेला हंबरडा पार धक्क्यापर्यंत गेला असेल. अकेयो काठावर उभी होती, ओठ हलत होते.

"काय पुटपुटतेस?"

"दारापासून मोजतेय, वहिनी. उजवीकडे पाच, पुढे तीन..." ती अडखळली.

मी तिचा हात धरला.

"उणे दोन," ती म्हणाली, आणि मूठभर माती खाली टाकली.