अपेक्षित प्रश्न

त्या काळी लातुरात पोराला डॉक्टर करायचं मनावर घेतलेले आईबाप बायोलॉजीसाठी उद्धव सरांचा पत्ता विचारत यायचे. सरांचं नाव झालं होतं ते एकाच गोष्टीमुळे: अपेक्षित प्रश्न. परीक्षेत काय येणार, हे पेपर काढणाऱ्याच्या आधी सरांना कळतं, असं पोरं म्हणायची. अशा माणसाची बायको परदेशी जाऊन भाषण करणार म्हटल्यावर त्यानं तिची तयारी करून घेतली नसती तरच नवल.

“प्रश्न चौथा,” स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलेला उद्धव म्हणाला. “व्हॉट वेअर यू डुइंग अंडर द स्टोन्स?”

“आय वॉज टेकिंग द नेम ऑफ गॉड,” तुळजा भाकरी थापता थापता म्हणाली.

“शाबास. पाचवा. डिड यू गेट एनी आन्सर?”

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.

“तुळजा, हा हमखास येणार बघ. डिड यू गेट एनी आन्सर?”

“येस. इन माय हार्ट.”

“आणि हात छातीवर ठेवायचा. ठेव. पिठाचा असला तरी चालतो, आत्ता कोण बघतंय?”

तिनं पिठाचा हात छातीवर ठेवला. भाकरी करपल्याचा वास घरभर झाला, पण उद्धव सहाव्या प्रश्नावर गेला होता.

सोमवारी निघायचं होतं. त्रिनिदाद नावाच्या बेटावर, शेदीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या आपल्या लोकांची पतवंडं राहतात, आणि तिथं नामसेवा मंडळानं मंदिर बांधलं होतं. तीन वर्षं बिनपगारी सेवा, राहणं-जेवणं मंदिरात. उद्धवनं आपला भरभराटीचा क्लास भागीदाराच्या हवाली केला होता, घर भाड्यानं दिलं होतं. तो तिथं मुलांचे संस्कारवर्ग घेणार, आणि तुळजा दर रविवारी आपली गोष्ट सांगणार. तीन वर्षांत रविवार किती येतात, हे तिनं एकदा बोटांवर मोजायला घेतलं होतं आणि मध्येच सोडून दिलं होतं.

ती गोष्ट लातुरात कुणाला माहीत नव्हती? त्र्याण्णवच्या सप्टेंबरात गणपती बुडवून दमलेली माणसं झोपली होती, आणि पहाटे किल्लारीच्या बाजूची गावंच्या गावं जमिनीला मिळाली. हात-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची माती. झोपलेल्याला उठायलाही सवड मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या टोळीबरोबर मदतीला गेलेला एक पोरगा एका ढिगाऱ्यावर बसून रडत होता. मेडिकलचा नंबर दोनदा हुकलेला, घरात तोंड दाखवायला लाजणारा हा पोरगा म्हणजे आपले उद्धव सर. तेवढ्यात त्याला खालून आवाज आला, “गोविंदा... गोविंदा...” त्यानं आरडाओरडा करून माणसं जमवली, ढिगारा उपसला, तर आत पंधरा वर्षांची पोर जिवंत! एकतीस तास देवाचं नाव घेत होती. उद्धवनं त्या दिवशी देवाला मानलं, आणि पाच वर्षांनी त्या पोरीशी लग्न केलं.

गोष्ट मोठी गोड आहे. फक्त तिच्यातला गोविंद देव नव्हता. तो तुळजाचा सात वर्षांचा भाऊ होता.

घरात त्याला सगळे गोंद्या म्हणत. त्याच्याकडून काम करून घ्यायचं असलं किंवा लाडात यायचं असलं की तेवढ्यापुरता गोविंदा. त्या अंधारात तो तिच्यापासून हातभर लांब, पडलेल्या तुळईच्या पलीकडे होता. त्याचा हात तेवढा तिच्या हाताला लागला होता. त्याला भीती वाटू नये म्हणून ती लाडाच्या नावानं हाक मारायची, आणि तो ओ द्यायचा, “हाव अक्का.” मध्येच पाणी मागायचा. ती म्हणायची, आत्ता येतील बघ माणसं. पहिल्या दिवशी बऱ्याच वेळानंतर ओ यायची थांबली. तुळजा हाका मारत राहिली, कारण दुसरं काही तिला सुचत नव्हतं.

मग बोलली का नाही बया, असं कुणीही विचारेल. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा तिच्या पायांशी नारळ होते आणि बायका पाया पडत होत्या. अंगात ताप होता, रडायलाही जोर नव्हता. मग पेपरात आलं. मग मंडळानं वसतिगृहात ठेवलं, बारावीपर्यंत शिकवलं, साडी-चोळी करून लग्न लावून दिलं. पहिल्या दिवशी ते एका वाक्याचं काम होतं. बारा वर्षांनी त्या न बोललेल्या वाक्यावर एक नवरा, एक संसार आणि विमानाची दोन तिकिटं उभी होती. ते काढायला गेलं तर कोण कोण खाली सापडेल, या धास्तीनं ती गप्प राहत गेली. आणि गोष्टीत कुठंही भाऊ नव्हता. ती जितक्यांदा सांगितली जायची, तितक्यांदा गोंद्या थोडा थोडा पुसला जायचा, आणि पुसणारी तीच होती.

शनिवारी दोघं किल्लारीला ग्यानोबाचा निरोप घ्यायला गेली. ग्यानोबा तुळजाचा चुलता. त्या रात्री शेतात झोपला होता म्हणून वाचलेला. नव्या वसाहतीत सिमेंटचं घर मिळालं तरी म्हातारा अजून दारात पत्रा टाकून त्याखालीच झोपायचा. उद्धव परतीच्या बसची चौकशी करायला फाट्यावर गेला, तेव्हा म्हाताऱ्यानं पुतणीला शेजारी बसवून घेतलं.

“किती दिसांसाठी म्हनलीस?”

“तीन वर्सं, काका.”

“तवर म्या हाय का न्हाई कुनाला ठावं.” म्हातारा शेंगा फोडून दाणे तिच्या हातावर ठेवत होता. “गावच्या मेलेल्यांच्या यादीत तुझ्या आईबापाचं नाव हाय. गोंद्याचं ठाव हाय का, काय लिवलंय? ‘एक मुलगा.’ लई येळा सांगितलं त्यास्नी, कोन ऐकतंय? आता गोंद्या म्हननारी दोनच मानसं उरलो. म्या मेलो, तू समिंदराच्या पल्याड, मग त्यो व्हता का नव्हता, कोन सांगनार?”

तुळजाच्या हातावरचे दाणे तसेच राहिले.

“आन तकडं काय सांगनार तू? ह्येच, द्येवाचं?”

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसता विचारत होता.

परतताना औशाला बस बराच वेळ थांबली. उद्धवनं उसाचा रस आणला. तुळजानं ग्लास हातात घेतला आणि बारा वर्षं तुंबलेलं एकदाचं बोलून टाकलं.

“अहो, मी देवाचं नाव घेत नव्हते. माझा भाऊ होता तिथं. गोविंद. त्याला हाक मारत होते मी.”

उद्धव खिडकीबाहेर बघत म्हणाला, “भाऊ होता, हे मला माहीत आहे.”

“काय?”

“नाव माहीत नव्हतं. तुला वर काढताना त्याच्या हातातून तुझा हात मीच सोडवला, तुळजा. निघत नव्हता.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“लोकांनी विचारलं असतं, देवानं एकालाच का वाचवलं? त्याचं उत्तर मला येत नाही. जे येत नाही ते सोडून पुढं जा, असं मी पोरांनाही सांगतो.”

तिला त्याचा संताप आला, आणि त्याच्या पाठोपाठ दयाही आली. त्या दयेचा तिला जास्त संताप आला. “मला नाही यायचं तिकडं,” ती म्हणाली.

“मग मी कोण गं?” उद्धव अगदी हळू म्हणाला. “तो आवाज देवाच्या नावाचा नसेल, तर मी नुसता नंबर न लागलेला पोरगा.” बस सुरू झाली. लातूर येईपर्यंत तो एकच बोलला: महाराजांना विचारू.

महाराज म्हणजे मंडळाचे म्हातारे गुरू. लबाड माणूस असता तर तुळजाला सोपं गेलं असतं. पण ते भोळे होते. रविवारी सकाळी तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. “पोरी, एवढं मनात ठेवून जगलीस?” असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला हमसून रडू आलं. सुटले, असं बारा वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

निरोपाचा कार्यक्रम संध्याकाळी मंगल कार्यालयात होता. सात-आठशे माणूस, हारतुरे, पुढं भजनी मंडळ. अगदी मागच्या रांगेत, फेटा मांडीवर घेऊन, ग्यानोबा बसला होता. महाराज बोलायला उभे राहिले.

“बारा वर्षं आपण अर्धीच लीला ऐकली,” ते म्हणाले. “आज या लेकीनं मला उरलेली सांगितली. त्या ढिगाऱ्यात तिचा सात वर्षांचा भाऊ होता. नाव गोविंद! त्यानं तिचा हात धरला, ओ देऊन धीर दिला. अहो, भाऊ कसला? देवच सात वर्षांचा होऊन तिच्याशेजारी निजला होता. काम झालं, निघून गेला.”

मंडप हेलावला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. “गोविंदा! गोविंदा!” असा गजर उठला, टाळ वाजू लागले, आणि कुणीतरी तुळजाच्या हातात माइक दिला.

तिला सहाच्या सहा उत्तरं पाठ होती. त्यातलं एकही आठवेना. यांनी भाऊ नेला, त्याची ओ नेली, त्याचा हातसुद्धा नेला. आता काय उरलं, असं शोधता शोधता तिला एक नाव सापडलं, जे कुठल्याही देवाचं असूच शकत नव्हतं.

“गोंद्या!” ती ओरडली. बांधावरून पलीकडच्या शिवारात मारायची हाक ती. “अरे ए गोंद्या! पुढचे दोन दात पडले होते त्याचे. म्हशीची पेंड चोरून खायचा. लई खोडील होता. माझा भाऊ होता ओ तो, भाऊ होता!”

सगळं कार्यालय चिडीचूप झालं. तिला वाटलं, कळलं.

“वा!” महाराजांनी टाळी वाजवली. “वा रे सलगी! आपल्या संतांनी देवाला अरे-तुरे केलं, शिव्या घातल्या. पोरी, तू त्यांच्याच पंक्तीतली!”

आणि सात-आठशे गळ्यांनी ते नाव उचललं. गोंद्या! गोंद्या! मृदंगावर थाप पडली. बायका टाळ्यांवर डोलू लागल्या. त्या नावाची हाक झाली की कान ओ ऐकायला थांबायचा, ही तुळजाची जुनी सवय. आताही कान थांबला. मागच्या रांगेत ग्यानोबानं फेटा दोन्ही कानांवर दाबून धरला होता.

सोमवारी मंडळाची जीप मुंबईला निघाली. उद्धव टिपणांची वही मांडीवर घेऊन बसला होता. कालपासून तो तिच्याशी फार मायेनं वागत होता; तिची पिशवीही त्यानंच उचलली होती. गाव मागं पडल्यावर त्यानं पेन काढलं.

“पाचव्याचं उत्तर बदलावं लागेल,” तो म्हणाला. “छापूनही घेऊ तिकडं. आणि एक सांग, गोंद्याचं स्पेलिंग काय करायचं?”

तुळजानं वहीकडं पाहिलं. पान कोरं होतं. ते नाव आजवर कुठल्याच कागदावर आलं नव्हतं, आणि आता यायचं तर याच वहीत येणार होतं, दुसरीकडे कुठंच नाही.

“जी,” ती म्हणाली.

उद्धवनं लिहिलं. “मग?”

“ओ,” तुळजा म्हणाली, आणि तिला पुढचं अक्षर काही केल्या सांगता येईना.