चुलीखालचा खड्डा

नजवाबाईंनी काडेपेटीची चूल चिमटीत धरून उचलली आणि खाली पुठ्ठ्याला पाडलेलं चौकोनी भोक दिसलं. भोकात काड्यांची शिडी होती, दोऱ्याला बांधलेली बुचाची टोपली होती आणि तांब्याची एक तार होती. तारेच्या टोकाला मण्याएवढा बल्ब.

प्रकल्प बाईंनीच काढलेला. राजांची थडगी खोदणाऱ्या प्राचीन कामगारांचं एक घर, आपल्या घरात सापडेल त्या वस्तूंतून बनवायचं. पाठ केलेली उत्तरं ओकणाऱ्या पोरांनी एकदा तरी हात चालवावेत, असा त्यांचा हट्ट.

“तीन हजार वर्षांपूर्वी वीज?” बाईंनी विचारलं.

“बिल फॅरो राजाच्या नावावर यायचं, बाई!” मागच्या बाकावरून शाझली ओरडला. वर्ग खिदळला.

ते घर बनवणारी इनसाफ हसली नाही. “असू द्या, बाई. ते मुद्दाम आहे,” एवढंच म्हणाली.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. इनसाफचे वडील हसनैन परदेशी मोहिमांच्या खोदकामावर मजूर होते, आता दोन वर्षं घरीच बसून. लुक्सोरला नदीच्या पश्चिम काठावर, डोंगराच्या पायथ्याच्या गावांत कुणाच्या चुलीखाली थडग्यांतल्या चीजवस्तूंसाठी चोरून खणणं चालू आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. त्यातून बाईंचे दीर पुरातत्त्व पोलिसांत. दर शुक्रवारी जेवायला येत आणि भाकरी मोडता मोडता विचारत, “काय वहिनी, तुमच्या पोरांच्या गावात काय नवीन?” दर शुक्रवारी बाई सांगत, “काही नाही.” मग ही पोर वेडी की बिलंदर? की बाईंचं तोंड किती घट्ट आहे हे बघायला कुणी हे खेळणं धाडलं होतं?

तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

“तार काढ. चूल चिकटवून टाक. मार्क कापणार नाही.”

इनसाफ घर उचलून घेऊन गेली.

रविवारी ती ते घेऊन स्टाफरूममध्ये आली. बाई एकट्याच होत्या. चूल सुटीच होती, तारही जागेवर होती. उलट खाली बुटांचा एक खोका जोडून खड्डा खोल केला होता आणि त्याच्या भिंती खऱ्या मातीने लिंपल्या होत्या. एक भिंत तडकून शिडीवर ओघळली होती.

बाईंचा पारा चढला. त्यांनी दार लोटलं.

“मला जोखतेस? घरच्यांनी पाठवलं ना तुला?”

“घरच्यांना कळलं तर माझं कॉलेज बंद होईल, बाई.”

“माझे दीर कोण आहेत माहीत आहे?”

“माहीत आहे. म्हणून तर तुमचा विषय घेतला.”

बाई दारापासून दोन पावलं परत आल्या.

“आईने कुराणावर हात ठेवायला लावलाय. घरातली गोष्ट तोंडातून बाहेर काढायची नाही,” इनसाफ खाली बघत म्हणाली. “मी तोंडातून काही काढलेलं नाही.”

बाईंना स्वतःची लाज वाटली. पोरीने हातांनी सांगितलेलं त्यांनी चिकटवून टाकायला लावलं होतं, तेही मार्कांचं आमिष दाखवून. त्या खुर्चीत बसल्या. तडकलेल्या भिंतीला बोट लागलं तसा मातीचा एक खपला सुटून तळाशी पडला.

“आत्ता खाली कोणी आहे?”

इनसाफने ओठ घट्ट मिटले. तिने दप्तरातून चिंधीचा एक बाहुला काढला आणि शिडीवरून अलगद खाली सोडला. मग दुसरी एक बाहुली चुलीजवळ बसवून दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं.

बाईंनी पर्समधून फोन काढला. दिरांचं नाव सापडलं, पण अंगठा तिथेच अडला.

“इनसाफ, वडील आत जातील. वर्षानुवर्षं. कळतंय ना तुला?”

ती तडकलेल्या भिंतीखालच्या त्या बाहुल्याकडे बघत राहिली.

“तुरुंगात भेटायला जाता येतं ना, बाई?”