तांब्याभर तीर्थ

आमच्या घराण्यात चार पिढ्यांनी तलवार धरली, पाचवीने माती, असं नातेवाईक माझ्याकडे बघून हसत म्हणायचे. माझा मुलगा उमाजी तेव्हा शेजारच्या मुरारला एका ओताऱ्याकडे घंटा ओतायला शिकत होता. पहिली दोन वर्षं त्याने नुसती माती, शेण नि भाताचा कोंडा मळला. मग मुंबईला जाऊन चार वर्षं मूर्तिकाम शिकला. आमच्या सुभेदारांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, संभाजीरावांना, हे कधी पटलं नाही. पण संस्थान गेलं, पलटणी मोडल्या आणि सुभेदार घरी बसून मिशांना तेल लावू लागले. तेव्हा मीच म्हटलं, घरात एका पुरुषाचे हात तरी चालू आहेत.

छप्पन साली उमाजीला पहिलं मोठं काम मिळालं. मुरारच्या चौकासाठी साध्या शिपायाचा अर्धपुतळा, ब्राँझचा. चेहऱ्याला त्याने वडिलांनाच बसवलं. महिनाभर मान न हलवता बसले. ती सवय पलटणीने लावली होती. अट एकच होती. पुतळा ओतून झाला की तो बघून पुतळा कमिटीच्या मुकुंदरावांनी सही करायची, तीही ऑक्टोबरात. एक नोव्हेंबरला राज्य बदलणार, राजधानी भोपाळला जाणार, कागदही तिकडेच. मुकुंदराव कालपर्यंत दरबारचे होते, आज मध्यभारताचे, परवा आणखी कोणाचे. शनिवारी दुपारी ते येणार नि रविवारी त्यांचं बिऱ्हाड निघणार.

ओतायचं ठरलं बुधवारी. मेणाच्या पुतळ्यावर मातीचे थर चढवून साचा केला होता. तो भाजला, मेण वितळून वाहून गेलं, आत शिपायाच्या आकाराची पोकळी राहिली. तिच्यात वितळलेला धातू जायचा.

ओतणं बघायला मी आमच्या टोपी बाजारातल्या सगळ्या बायकांना बोलावलं. ज्या हसल्या होत्या त्यांना आधी. सकाळी कारखान्यात कोणी नसताना साच्याची पूजा केली. हळदकुंकू, फूल, आणि वरच्या भोकातून तांब्याभर तीर्थ आत सोडलं. घरात नवीन देव आला की आम्ही त्याला आधी न्हाऊ घालतो. हा तर माझ्या नवऱ्याच्या तोंडाचा देव.

भट्टी लाल झाली. मुशीत धातू पाण्यासारखा हलू लागला. उमाजीने सगळ्यांना मागे सारलं आणि बजावलं की ओला फडकाही जवळ आणायचा नाही. साच्यात थेंबभर ओल राहिली तर धातू उसळून बाहेर येतो, माणूस जागेवर भाजतो. सुभेदार साच्यापासून चार हातांवर छाती काढून उभे होते.

मला सकाळचा तांब्या आठवला. पन्नास बायका बघत होत्या. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं, आणि नंतर सगळ्यांना कळलं असतं.

"उमाजी, ओतू नकोस," मी म्हटलं. "सकाळी मी आत पाणी घातलंय. तांब्याभर."

उमाजीने चिमटा खाली ठेवला. भट्टीवरचा मिस्त्री म्हणाला, "अम्मा, अब हाथ मत लगाना।"

साचा पुन्हा भाजायला हवा होता, तोही सावकाश. घाई केली तर तडकणार. कोळशावर दोन दिवसांत जमणार नाही, असं मिस्त्री सांगत होता. मी त्याला म्हटलं, "तीस वर्षं गोवऱ्यांवर दूध आटवतेय, खाली लागू दिलं नाही. विस्तव माझ्यावर सोड."

बायकांना सांगितलं, नुसत्या बघत काय बसता, गोवऱ्या आणा. आणल्या. बुधवार दुपारपासून शुक्रवार दुपारपर्यंत मी साच्यापाशी बसले. ना जाळ होऊ दिला, ना राख थंडावू दिली. उमाजी मधून मधून येऊन भोकावर थंड काच धरायचा. काचेवर वाफ धरली की परत जायचा. शुक्रवारी काच कोरडी निघाली. त्याने ती माझ्या हातात दिली.

"आईसाहेब, आता तुम्ही सांगा. ओतू?"

"ओत."

धातू गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

शनिवारी मुकुंदराव आले तेव्हा साचा फोडून माती झाडणं चाललं होतं. पॉलिश नव्हतं, अंगावर काजळी होती. पण मिशीचा एकेक केस उतरला होता. मुकुंदरावांनी काठी पुतळ्याच्या छातीवर हलकेच आपटली. घंटेसारखा नाद आला. त्यांनी एकदा पुतळ्याकडे बघितलं, एकदा सुभेदारांकडे, आणि उभ्याउभ्याच सही केली. सुभेदार म्हणाले, नाक थोडं मोठं झालंय. मी म्हटलं, आहे तेवढंच आहे.

संक्रांतीनंतर चौकात पुतळा बसला. उमाजीकडे तोवर इंदूर नि झाशीहून कामं आली होती. नातेवाईक पुढच्या रांगेत होते. उमाजीने भरलेला तांब्या सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला.

"आता घाला, आईसाहेब."

मी सगळा तांब्या शिपायाच्या डोक्यावर ओतला, आणि दुसरा मागवला.