रथाच्या चाकाखालची उटी

मित्रांनो, मी एक जुनी उटी आहे. उतारावर गाडी घरंगळू नये म्हणून चाकाखाली जो लाकडी ठोकळा सरकवतात, त्याला उटी म्हणतात. मी साध्यासुध्या गाडीची नाही, देवळाच्या रथाची उटी आहे.

देवळात वर्षभर काही ना काही उत्सव असतो. कधी दिव्यांचा, कधी फुलांचा, कधी देवाला झोपाळ्यावर बसवण्याचा. त्या दिवसांत मला कोणी विचारत नाही. माझा दिवस वर्षातून एकदाच येतो, रथ निघतो तेव्हा. शेकडो हात दोर ओढतात. पण देवळासमोरचा रस्ता बाजारापर्यंत उताराचा आहे, आणि उतारावर रथाला ओढावे लागत नाही, आवरावे लागते.

ते काम अण्णांचे. बावीस वर्षे त्यांनी माझा लांब दांडा धरून मला चाकापुढे सरकवले. उत्सवाच्या आठ दिवस आधी ते मला तेल पाजत आणि हातोडीने ठोकून माझा आवाज ऐकत. लोक रथाला हात जोडत. अण्णा मात्र आधी मला नमस्कार करत.

पुढे त्यांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांची थोरली लेक पुढे आली. ती बसच्या आगारात ब्रेक तपासायची. देवळाचे अध्यक्ष म्हणाले, "हे बाईमाणसाचं काम नाही."

"चाकाला कुठे कळतंय, बाई आहे की बुवा?" ती म्हणाली. अण्णा हसले आणि काम तिच्याकडे आले.

तीन वर्षांनी तिची बदली झाली. मग मला कोणी वाली उरला नाही. कोठीच्या दाराला अडसर म्हणून मी चार वर्षे पडून होते. छत गळायचे, मी भिजायचे, पुन्हा वाळायचे. रथाच्या दिवशी मला तेवढे उचलून नेत, की पुन्हा दारापाशी.

पाचव्या वर्षी थोरली रजा घेऊन आली. रथ सजला होता, दोर माणसांच्या हातात होते. तिने मला ठोकून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"ही आतून गेलीय. रथ हलवू नका."

"अहो, मुहूर्त टळतोय!" अध्यक्ष घड्याळ दाखवत म्हणाले. "गेल्या वर्षी हिनेच रथ उतरवला ना?"

"गेल्या वर्षी उतरवला म्हणून यंदा उतरवेल कशावरून? खाली लेकरं उभी आहेत."

"एवढ्या लोकांना काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा." एवढे बोलून ती पुढच्या चाकासमोर फतकल मारून बसली. गर्दीतून कोणी हसले, कोणी ओरडले. मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण मी काय बोलणार?

तेवढ्यात अण्णा काठी टेकत आले. त्यांनी सुताराला हाक मारली. "घाल या उटीवर एक घाव. टिकली तर रथ सोडा."

सुताराने मोठा हातोडा उचलला. एकाच घावात माझे दोन तुकडे झाले.

अध्यक्षांनी घड्याळ बाहीखाली झाकले आणि ते सुताराला म्हणाले, "नवी करायला किती वेळ लागेल?"

दोन तास लागले. देव उन्हात थांबले, माणसेही थांबली. मग रथ नव्या उटीवर हळूहळू उतरला आणि सुखरूप बाजारात पोहोचला. दुसऱ्या दिवशी गावभर एकच चर्चा होती, यंदा रथाला किती उशीर झाला!

मित्रांनो, मी आता कोठीच्या फळीवर आहे, दोन तुकड्यांत. माझी तक्रार नाही. मोडायचेच होते, तर उतारावर मोडले नाही हे माझे नशीब. एवढेच मागणे आहे. जे तुमचा भार पेलते, त्याला कामाच्या दिवशीच हात लावू नका, अधूनमधून ठोकून पाहत जा. आणि कोणी "थांबा" म्हणाले, तर घड्याळाकडे बघण्याआधी त्या माणसाचे ऐका.