माणशी एक वाडगा

हॉस्पिटलच्या लाँड्रीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ओलं झालं की आटतं. चादर आटते, डॉक्टरांचे कोट आटतात, आणि लोकरीचा स्वेटर तर असा आटतो की बापाचा लेकाला होतो. इस्त्रीमास्तरची सगळी विद्या या एका वाक्यावर उभी होती. म्हणून शनिवारी संध्याकाळी त्याने माणशी एक वाडगा धरून चार वाडगे कोरडा राजमा मोजला, भिजून आटला तर पंचाईत नको म्हणून पाचवा वाडगा पातेल्याच्या नावाने टाकला, वर पाणी ओतलं आणि निर्धास्त झाला.

रविवारी सकाळी राजम्याने झाकण उचललेलं होतं. काही दाणे ओट्यावर, दोन-तीन जमिनीवर, आणि पातेल्यात पाण्याचा थेंब नाही.

"ताई, हा वाढतोय," त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला.

"कोण?"

"राजमा."

बहीण आधी पोटभर हसली आणि मग विचारलं, "किती टाकलास?"

"माणशी एक वाडगा."

"अरे माझ्या कर्मा! वाडगा म्हणजे तो सुपाचा? वेड्या, तेवढ्यात वरात जेवेल. आता शिजव. घरात असतील नसतील तेवढी भांडी काढ."

त्याने काढली. कुकर चार वेळा लावला. कांदा, लसूण, टोमॅटो, तिखट, सगळं बहिणीने फोनवरून सांगितलं तसं परतलं, आणि दुपारपर्यंत त्याच्या दोन खोल्यांच्या घरात राजम्याचा इतका रस्सा झाला की बसायला जागा उरली नाही. चव मात्र झकास उतरली होती. ते त्याचं त्यालाच खरं वाटेना म्हणून त्याने दोनदा चाखून पाहिलं.

हा सगळा खटाटोप एका खुर्चीसाठी होता.

लाँड्रीच्या घडीखान्यात, म्हणजे जिथे चादरींच्या घड्या घालतात तिथे, दुपारी चार जण एकत्र जेवत. आठवडाभर एकाने सगळ्यांचं आणायचं, पुढचा आठवडा दुसऱ्याने. ज्याची पाळी असेल त्याच्या घरी लांब दांड्याची एक पळी जायची. ती शुक्रवारी जेवणानंतर घासूनपुसून पुढच्याच्या हातात द्यायची, की पाळी फिरली. मास्तरची बायको अकरा वर्षं त्या फेरीत होती. तिच्यासारखी घडी कुणाला जमत नसे म्हणून तिला घडीबाई म्हणत. मास्तर स्वतः कधी त्या टेबलाशी बसला नाही. इस्त्रीचा रोलर तापलेला असताना सोडून येता येत नाही, असं तो सांगायचा. मग घडीबाई एक ताट झाकून त्याच्याकडे घेऊन जायची आणि तो खाईपर्यंत रोलरजवळ उभी राहायची.

ती जाऊन आठ महिने झाले होते. महिनाभर ताट येत राहिलं. मग मास्तरने ते परत पाठवलं आणि रोलरपाशी उभ्या उभ्या पाव खायला लागला. सात महिने लाँड्रीने हे बघितलं. शेवटी घडीखान्याची मावशी, जिच्या शब्दापुढे सुपरवायझरही जात नसे, कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"पाव खाऊन खाऊन तोंड पावासारखं झालंय तुझं. ताट का परत केलंस?"

"फुकटचं नको, मावशी."

"मग फेरीत ये. एक आठवडा करून दाखव. जमलं तर तिची खुर्ची तुझी. नाही जमलं तर तू आणि तुझा रोलर सुखाने नांदा. नियम माहीत आहे ना?"

नियम सगळ्या लाँड्रीला माहीत होता. एका आठवड्यात एकच पदार्थ दोनदा आणला की माणूस फेरीतून बाद. पूर्वी बॉयलरवरच्या एका गड्याने पाच दिवस कोबी खाऊ घातला होता, तेव्हा मावशीने हा नियम केला आणि पहिला बळी त्याचाच घेतला.

आणि आता मास्तरच्या घरी पाच दिवस पुरेल एवढा एकच पदार्थ होता. टाकून द्यायला हात धजेना. आणि त्याच्या जागी दुसरं करायचं तर येतं काय? चहा.

तो ओट्याला टेकून विचार करत राहिला. लाँड्रीत चादर फाटली तर तिला कुणी फेकत नाही. कडा विरल्या की मधला भाग कापून अभ्रा करतात, अभ्रा विरला की हात पुसायला, आणि अगदीच जाळी झाली की फरशीला. घडीबाई हे काम हसत हसत करायची. एकदा म्हणाली होती, "चादर मरत नाही हो, बदली होते तिची."

मास्तरने रस्सा गार केला, पाच डब्यांत भरला आणि फ्रीजरमध्ये जाईल तेवढा कोंबला. बर्फाचा ट्रे बाहेर काढावा लागला.

सोमवारी रस्सा आणि भात. मावशीने टेबलावर नेहमीसारखी एक बाद झालेली पांढरी चादर पसरली. ती सोमवारी घालायची आणि शुक्रवारी काढायची, असा रिवाज होता. चादरींची ने-आण करणारा ड्रायव्हर आला, आणि डॉक्टरीण आली. ही खरी डॉक्टरीण नव्हे. कपड्यावरचा डाग नुसता बघून तो कशाचा, कधीचा आणि कशाने निघेल हे सांगायची, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. रक्त, औषध, सूप, शाई; तिच्यापासून काही लपत नसे.

"मास्तर, तुमच्या हाताला चव आहे की!" ड्रायव्हर म्हणाला. "इतकी वर्षं चादरींवर वाया घालवली."

मास्तर घडीबाईच्या खुर्चीच्या कडेवर बसला होता, पाहुण्यासारखा. मावशीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि तिचं कौतुक तेवढंच असतं.

मंगळवारी पहाटे मास्तरने दुसरा डबा चाळणीत उपडा केला. रस खाली पातेल्यात गाळून ठेवला, दाणे कुस्करले, त्यात बारीक कांदा घातला आणि टिक्क्या थापून तव्यावर टाकल्या. पहिलीचं तव्यावरच पिठलं झालं. ताईला फोन केला, ती झोपेतच म्हणाली, "ओला गोळा कसा धरेल? शिळा पाव चुरून घाल. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव. आणि सहानंतर फोन करत जा." पावाची त्याच्या घरी काय कमी! दुसरी टिक्की धरली, तिसरी छान लाल झाली. दुपारी पावात टिक्की, वर काकडीचे काप. मावशीने चार खाल्ल्या.

बुधवारी तोच गाळलेला रस, तिसऱ्या डब्यातला थोडा राजमा, भरपूर पाणी आणि मूठभर मॅकरोनी घालून सूप झालं. वर लिंबू पिळलं. उरलेले दाणे त्याने भातात कालवून ठेवले आणि गुरुवारी चौथ्या डब्याबरोबर ते ढोबळ्या मिरच्यांत भरले. मिरच्या पातेल्यात दाटीवाटीने उभ्या केल्या आणि झाकून वाफवल्या. कुणी आडवी पडू नये म्हणून मध्ये एक बटाटा खोचला. झाकण काढलं तेव्हा त्या वर्गातल्या मुलांसारख्या सरळ उभ्या होत्या आणि त्याला उगाचच आनंद झाला.

"मास्तर, रोज नवं!" ड्रायव्हर मिरची तोडत म्हणाला. "माझी पाळी आली की माझी अब्रू जाणार."

"तुझी होती कधी?" मावशी म्हणाली.

सगळे हसले. मास्तरही हसला, पण खुर्चीला पाठ टेकवली नाही. चार दिवस त्याच कडेवर बसून त्याची कंबर धरली होती.

जेवण झाल्यावर तो रोलरशी परतला तर मागोमाग डॉक्टरीण आली. हात पुसत म्हणाली, "मास्तर, टेबलावरची चादर पाहिलीत का?"

"का?"

"सोमवारी ड्रायव्हरने रस्सा सांडला. मंगळवारी मावशींच्या टिक्कीचा तुकडा पडला. काल माझं सूप. आज मिरचीचा रस." तिने चार बोटं पुढे केली. "चार दिवसांचे चार डाग. रंग एक, तेलाची कड एक, आणि चारहींत त्याच दाण्याची साल. हा एकाच पातेल्यातला डाग आहे."

मास्तरचा चेहरा अभ्र्यासारखा पांढरा झाला. "मावशींना सांगणार?"

"मी कशाला सांगू? मिरची झकास होती. पण उद्या शुक्रवार. चादर त्याच उचलतात, आणि तीस वर्षं त्यांनीही डागच बघितलेत." जाता जाता ती दारात थांबली. "हवं तर आत्ता धुऊन टाकते. पाच मिनिटांचं काम. मावशींना कळणारही नाही."

मास्तरने रोलरमधून एक चादर जाऊ दिली, मग दुसरी. तिसरीला म्हणाला, "नको."

शुक्रवारी पहाटे शेवटचा डबा ओट्यावर होता. बेत ठरलेला होता: कांद्याची पात चिरायची, भातात मोठ्या आचेवर परतायचं, वर अंडं. पात चिरूनही झाली होती. पण मास्तरने सुरी खाली ठेवली. आज निभलं असतं. पुढच्या पाळीलाही काहीतरी निभलं असतं. पण मग तो जन्मभर त्या खुर्चीच्या कडेवरच बसला असता, चादरीवर काय सांडतंय ते बघत. त्याने पात बाजूला सारली, रस्सा होता तसा गरम केला आणि भात लावला.

दुपारी मावशीने झाकण उचललं. आत पाहिलं. मास्तरकडे पाहिलं.

"हे सोमवारचं."

"हो."

"पुन्हा आणलंस? नियम ठाऊक असून?"

"मावशी, मंगळवारीही हेच होतं. बुधवारी, गुरुवारी, सगळा आठवडा हेच. माझा अंदाज चुकला. माणशी एक वाडगा घेतला मी. कोरडा."

ड्रायव्हरच्या हातातला चमचा हवेतच राहिला. "कोरडा वाडगा? माणशी?" आणि तो असा हसत सुटला की त्याला पाणी द्यावं लागलं. "मास्तर, हॉस्पिटल जेवलं असतं हो त्यात!"

मावशी हसली नाही. तिला वेगळंच लागलं होतं. "मंगळवारी मी चार टिक्क्या खाल्ल्या. चार! आणि मला कळलं नाही?" तिने ताटं सारून चादर पाहिली. बोटाने एक डाग चाचपला, दुसरा चाचपला. "तुला माहीत होतं?" हे डॉक्टरणीला.

"काल कळलं."

"आणि गप्प बसलीस."

"मला कुणी विचारलंच नाही."

मावशी खाली बसली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मास्तरने तर पळी पुसून टेबलाच्या मध्यावर ठेवूनही दिली होती, सही करून राजीनामा ठेवावा तशी.

"कोबीवाल्याने पाच दिवस कोबी आणला," मावशी म्हणाली, "आणि पाचही दिवस तो कोबीच होता. घास तोंडात फिरत होता आमच्या. मी नियम केला तो कंटाळ्यासाठी. पातेलं एक की पाच, ते बघायला मी कुणाच्या घरी जात नाही. त्यामुळे मंगळवार, बुधवार, गुरुवार माफ."

मास्तरने पळीकडे हात नेला.

"पण आज!" मावशीने पळी उचलून त्याच्यावर रोखली. "आज सोमवारचंच परत आणलंस. जसंच्या तसं, डोळ्यांदेखत. आज नियम मोडलास, आणि मोडला तर शिक्षा आहे."

"मग बाद?"

"बाद करून रोलरशी पाव खायला मोकळा सोडू होय? सोपं आहे. पुढचा आठवडाही तुझाच. पाच दिवस, पाच पदार्थ, आणि राजमा दिसला तर याद राख." तिने पळी त्याच्या ताटाशेजारी आपटली. "आता वाढ. गार होतंय."

"म्हणजे माझी पाळी पुढे गेली!" ड्रायव्हर म्हणाला. "मास्तर, असेच नियम मोडत जा."

मास्तरने सगळ्यांना वाढलं, शेवटी स्वतःला घेतलं. रस्सा पाच दिवसांत चांगला मुरला होता, सोमवारपेक्षा सरस लागत होता. दुसऱ्या घासाला तो मागे रेलला. खुर्ची करकरली. ती तशी करकरते हे त्याला माहीत नव्हतं. अकरा वर्षं तो आवाज रोलरच्या घरघरीत त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"ती टेकली की असंच वाजायचं," मावशी ताटातून मान वर न करता म्हणाली. "एक स्क्रू ढिला आहे. पिळू नकोस."

शनिवारी संध्याकाळी त्याने काबुली चण्यांचा डबा काढला. मावशीने निघताना बजावलं होतं, वाडगा नाही, मूठ. माणशी एक मूठ, आणि मूठ म्हणजे बंद मूठ, ओंजळ नव्हे. त्याने चार मुठी घातल्या. पातेल्याचा तळही नीट झाकला गेला नाही. एवढ्यात चार माणसं जेवतील यावर कुणाचा विश्वास बसला असता? त्याचा हात आपसूक पाचव्या मुठीसाठी डब्यात गेला, भरूनही आला.

मग त्याने पातेल्याकडे पाहिलं, आणि मूठ परत डब्यात सोडली. जेवणारी माणसं चार होती. पातेलं काही फेरीत नव्हतं.