अर्धी दाढी

त्या सकाळी सलून गिऱ्हाइकांसाठी उघडायच्या आधीच धाकट्याचं डोकं तापलेलं होतं. आज सहा महिने पूर्ण झाले होते. नशेत त्याने एका गिऱ्हाइकाचा कान कापला, तेव्हा थोरल्याने त्याच्या हातून वस्तरा काढून घेतला आणि अट घातली: सहा महिने रोज सकाळी सातला येऊन फक्त माझी दाढी करायची. हात स्थिर राहिला तर तुझी खुर्ची तुला परत.

रोज म्हणजे रोज. लवकर उठायचं, पोटभर खाऊन निघायचं, गुत्त्याची गल्ली टाळून लांबचा रस्ता धरायचा, वस्तरा धुवायचा, दादाच्या गळ्यावर ठेवायचा. उरलेला दिवस केस झाडायचे नि टॉवेल धुवायचे. चाळिशीच्या माणसाने हे निमूट करणं म्हणजे खायचं काम नव्हे.

आणि आज उजवा गाल संपवून डाव्याला हात घालतो, तोच दादा म्हणाला, "खुर्चीचं अजून महिनाभर थांबू."

"का?"

"परवा तुझा हात हलला."

"ताप होता मला. सांगितलं होतं तुला."

"हलला तो हललाच."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या रागात हातात वस्तरा बरा नाही, इतकी अक्कल शिल्लक होती. त्याने तो खाली ठेवला. "सहा महिने तुझ्या तालावर नाचलो. आता घाल ती खुर्ची चुलीत," म्हणून तो बाहेर पडला आणि सरळ गुत्त्याच्या गल्लीत शिरला.

गुत्ता उघडाच होता. असल्या जागा बऱ्या वेळेवर उघडतात. मालक गालातल्या गालात हसला. "मला ठाऊक होतं, येशील."

आज सगळ्यांनाच आपल्याबद्दल सगळं ठाऊक! त्याला दोन शिव्या हासडून धाकटा उलटपावली फिरला. राग उतरेपर्यंत चालायचं ठरवलं. राग काही उतरला नाही, तासाभराने पाय तेवढे दुखायला लागले.

सलूनच्या दारात शेजारचा शिंपी भेटला. "तुझ्या भावाला झालंय काय? तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. मी म्हटलं, वस्तरा समोर आहे, उरलेली दाढी स्वतःच उरका. तर म्हणे, माझा न्हावी बाहेर गेलाय, येईल."

आत दादा त्याच खुर्चीत बसला होता. बिनइस्त्रीच्या शर्टात उंबरठा न ओलांडणारा माणूस. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेल्या साबणाच्या खपल्या.

"एवढा भरवसा होता, तर महिना कशाला वाढवलास?"

"कसला भरवसा? उठलो असतो तर तुला शोधत त्या गल्लीत आलो असतो. आणि तू तिथे दिसला असतास तर..." दादाने गालावरची एक खपली नखाने काढली. "म्हणून हललो नाही."

धाकट्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि वाळलेल्या गालावर नको तितक्या जोरात घासला.

"मग खुर्ची?"

"महिना म्हणजे महिना."

"ठीक आहे," धाकटा दातओठ खात म्हणाला आणि त्याने वस्तरा उचलला. "पण उद्या सातला बसलेला दिस. काल पाच मिनिटं उशीर केलास. मी खपवून घेणार नाही."