शेवटच्या दोन पानांवरच्या खुणा

बाईंनी चष्मा काढून उजवा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. संशोधक मुलीने बाजूचं चाक किंचित फिरवलं, तेव्हा करड्या उजेडात एकमेकांना चिकटून बसलेले ठिपके उमटले.

"या काकांच्या कॅन्सरच्या पेशी," मुलगी म्हणाली. "ऑपरेशनमध्ये आतड्याचा तुकडा काढला होता ना, त्यातल्या."

नवरा जाऊन चौदा महिने झाले होते. त्यांचं काहीतरी इथे, या गार खोलीत, सूक्ष्मदर्शकाखालच्या बशीत जिवंत होतं. पण जे जिवंत होतं त्यानेच त्यांना नेलं होतं. त्याच्याकडे मायेने बघायचं की रागाने, ते बाईंना उमगेना. त्यांनी डोळा काढून घेतला आणि स्वच्छच असलेला चष्मा पुसला.

"अजून मेल्या कशा नाहीत?"

"आम्ही त्यांना खायला घालतो, दर दोन दिवसांनी. आणि औषधही. तेच, काकांना दिलेलं. तरी मरत नाहीत, म्हणूनच आम्हाला हव्या आहेत. पुढे वापरायच्या तर घरच्यांची सही लागते."

सही करायलाच बाई आल्या होत्या. पण न समजता सही करणं पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"पेशीत लांबलचक आरएनए असतात, काकू. धाग्यासारखे. त्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही, म्हणून बरीच वर्षं लोक त्यांना अडगळच समजत होते."

"कामच करत नाहीत?"

"स्वतः नाही. पण कुठल्या जनुकाने काम करायचं आणि कुठल्याने गप्प बसायचं, ते यातले काही ठरवतात."

"आमच्या शाळेत होते तसे दोघे."

मुलगी हसली. "काकांच्या पेशींत त्यातला एक फार वाढलाय. तो असला की औषधाने केलेली मोडतोड पेशी दुरुस्त करून टाकते. तो बंद पाडला, की त्याच औषधाने निम्म्याहून जास्त मरतात."

"औषध घेऊन घेऊन वाढला?"

"नाही ना. तुकडा काढला तेव्हा एकही डोस झाला नव्हता. आधीपासूनच वाढलेला होता."

मुलीने फाइल उघडली. आत बाईंच्याच हातचा तक्ता होता, महिन्याला एक पान. सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, आणि हजेरीपटासारखी चौकोनाचौकोनात बरोबरची खूण.

"एकही डोस न चुकवणारे पेशंट फार कमी," मुलगी म्हणाली. "म्हणून काकांची नोंद आमच्या फार कामाची आहे."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"शेवटच्या दोन पानांवरच्या खुणा खऱ्या नाहीत," त्या म्हणाल्या. "मी गोळी द्यायचे, पाणी द्यायचे आणि खूण करायचे. नंतर सगळ्या गोळ्या त्यांच्या कोटाच्या खिशात सापडल्या. मुलालाही सांगितलेलं नाही मी."

मुलीने तक्ता उलटून शेवटची दोन पानं काढली.

"बशीत औषध आम्ही स्वतः घालतो, काकू. तिथे चुकवायची सोय नाही."

"म्हणजे घेतल्या असत्या, तरी..."

"बहुतेक उपयोग झाला नसता. पण बशीत घडलं तसंच माणसात घडतं, असं छातीठोकपणे नाही सांगता येत."

चौदा महिने बाई एकच प्रश्न उशाशी घेऊन झोपत होत्या. आता मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उपयोगच नव्हता, तर आधीच्या महिन्यांतल्या उलट्या, सोलवटलेले तळपाय, 'अजून एवढी एक घ्या' म्हणून केलेली चिडचिड, हे सगळं कशासाठी होतं? आणि त्यांना ते आतून कळलं होतं, की नुसतेच कंटाळले होते? विचारायला माणूस नव्हता.

मुलीने पेन्सिलीने खुणा खोडायला घेतल्या. "कारण लिहावं लागतं. त्रासामुळे थांबवलं, असं लिहू?"

"खानावळीत उभा जन्म चुलीपुढे काढला त्यांनी," बाई म्हणाल्या, जणू प्रश्न ऐकलाच नव्हता. "त्या गोळ्यांनी चव गेली. भाजीत मीठ किती ते मला विचारायला लागले. मग एक दिवस विचारणं थांबलं. शेवटचे दोन महिने रोज रांधून वाढलं मला, स्वतःही जेवले. आणि मी गावभर सांगत सुटले, औषध लागू पडलं म्हणून."

पेन्सिल थांबली. "मग काय लिहू, काकू?"

बाईंनी संमतीचा कागद ओढला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली.

"औषध न घातलेल्या बशा असतात का गं तुमच्याकडे?"

"असतात. तुलनेसाठी ठेवतो."

"त्या दाखव मला."